जुन्या डेस्कटॉपवर पैसे घालावेत का? घालायचे तर कशात?

पत्र थोडक्यात: एक वाचक घरूनच चार-पाच लहान व्यावसायिकांचे हिशेब लिहितात. डेस्कटॉप साधारण २०१४ सालचा. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. मशीन सुरू व्हायला इतका वेळ लागतो की बटण दाबून त्या दुसऱ्या कामाला लागतात. ब्राउझरचे चार टॅब आणि एक स्प्रेडशीट उघडली की सगळं अडकतं. हल्ली रात्री मेन स्विच बंद केला की सकाळी तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असते आणि निम्म्या वेबसाइट 'सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाहीत. दुरुस्तीवाल्याने सांगितलं, 'बोर्ड गेलाय, बोर्ड-प्रोसेसर-रॅम सगळंच बदला.' भाचा म्हणतो, ग्राफिक्स कार्ड टाका. धाकटे दीर म्हणतात, भंगारात द्या. मुलगी यंदा कॉलेजला जाईल; तिला याच मशीनवर कोडिंग आणि थोडंफार व्हिडिओ एडिटिंग करायचंय. बाजूला काढलेली रक्कम नव्या मशीनच्या किमतीच्या जेमतेम पाव आहे. त्यांचा प्रश्न असा: 'ही रक्कम या मशीनवर घालू की साठवत राहू? इतक्या जुन्या वस्तूवर पैसे घालणं मूर्खपणा ठरेल का?'

नमस्कार.

तिघांनी तीन सल्ले दिले. तिघंही तुमच्या भल्याचंच बोलतायत, पण मशीन अडकतं त्या क्षणी आत नेमकं कोण दबलेलं असतं हे त्यांच्यापैकी कोणी पाहिल्याचं तुमच्या पत्रात तरी दिसत नाही. वय ऐकलं आणि निदान केलं, असा प्रकार आहे. म्हणून खर्चाचं बोलण्याआधी तुम्हालाच दोन-चार गोष्टी तपासायला सांगणार आहे. तपासायला पैसे लागत नाहीत.

आधी बोर्डाचं, म्हणजे मदरबोर्डचं पाहू, कारण सगळ्यात मोठा खर्च 'बोर्ड गेलाय' या एका वाक्यावर टांगलेला आहे. तारीख मागे जाते म्हणून बोर्ड गेला असं ठरवलं असेल, तर ते घाईचं आहे. प्रत्येक डेस्कटॉपच्या बोर्डावर नाण्याच्या आकाराचा एक गोल सेल असतो, सीआर२०३२, तीन व्होल्टचा. मशीनला वीज नसते तेव्हा घड्याळ आणि बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची) सेटिंग्ज तो सांभाळतो. इतक्या वर्षांत तो संपला नसता तरच नवल. सेल संपला की मेन स्विच बंद करताच घड्याळ जुन्या तारखेवर जातं. तारीख चुकली की वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र ब्राउझरला 'अजून लागूच न झालेलं' दिसतं आणि तो साइट उघडायला नकार देतो. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच, आणि मशीनमधली सगळ्यात स्वस्त वस्तू बदलून ते जातं.

सेल घरी बदलता येतो. मशीन बंद करा, मागची वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला एकदा हात लावा. सेलच्या कडेची छोटी पट्टी नखाने बाजूला केली की सेल उसळून वर येतो. नवा बसवताना अधिकचं चिन्ह असलेली, अक्षरं छापलेली बाजू वर. मग बायोसमध्ये जाऊन तारीख-वेळ लावायची. एक खबरदारी घ्या: सेल काढण्याआधी बायोसमध्ये 'सॅटा मोड', म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, काय आहे (एएचसीआय, आयडीई की रेड) ते कागदावर लिहून ठेवा. सेल काढल्यावर सेटिंग्ज मूळपदावर जातात आणि हा मोड बदलला तर विंडोज सुरूच होत नाही. मग 'आता तर पूर्णच गेलं' असं वाटून माणूस घाबरतो, आणि असतं एवढंच.

बोर्ड खरोखर गेल्याची चिन्हं वेगळी असतात. मशीन काम करता करता आपोआप बंद पडतं, कधी सुरू होतं कधी नाही, यूएसबीचे पोर्ट एकेक करून मरतात. कॅबिनेट उघडलंच आहे तर बोर्डावरचे छोटे उभे डबे, म्हणजे कपॅसिटर, नीट बघा. त्यांची टोपी सपाट हवी. फुगलेली किंवा तपकिरी डाग पडलेली दिसली, तर दुरुस्तीवाल्याचं म्हणणं खरं आहे आणि या मशीनवर तुम्ही काहीही खर्च करू नये. टोप्या सपाट असतील, तर त्यांना एवढंच विचारा, 'बोर्ड गेलाय हे कशावरून ठरवलंत?' भांडायचं नाही. प्रामाणिक माणूस कारण सांगेल.

'सगळंच बदला' या सल्ल्याबद्दलही थोडं. बोर्ड बदलला की चौथ्या पिढीचा प्रोसेसर त्यावर बसत नाही, तुमची डीडीआर३ प्रकारची रॅम बसत नाही, आणि मशीनसोबत आलेलं विंडोजचं लायसन्स त्या जुन्या बोर्डाला बांधलेलं असल्याने ते पुढे चालेल याची खात्री नाही. एसएमपीएसही, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबाही, तितकाच जुना, नव्या बोर्डाला तो लावायचा धीर कोण करणार? म्हणजे उरतं काय, तर पत्र्याचं कॅबिनेट. हे अपग्रेड नव्हे, नवं मशीन घेणंच आहे, आणि त्यासाठी पैसे नाहीत हे तर तुम्ही आधीच सांगितलंत.

आता मुख्य तपासणी. मशीन नेहमीसारखं सुरू करा आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटीच खिडकी आली तर खाली 'मोअर डिटेल्स' दाबा. वरच्या टक्केवाऱ्यांपैकी तीन बघा: सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम), डिस्क. काहीही न उघडता नुसतं बघत बसा. मग रोजचं काम उघडा, म्हणजे तेच चार टॅब, तीच स्प्रेडशीट, हिशेबाचं सॉफ्टवेअर. मशीन अडकलं की पुन्हा या आकड्यांकडे बघा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

माझा अंदाज सांगते. सुरुवातीची बरीच मिनिटं डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली दिसेल आणि त्याच वेळी सीपीयू आरामात २०-३० टक्क्यांवर असेल. रोजचं काम उघडल्यावर मेमरी ९० च्या घरात जाईल. असं दिसलं तर तुमचा प्रोसेसर म्हातारा झालेला नाही, तो ताटकळत बसलेला आहे. चौथ्या पिढीच्या डेस्कटॉप आय-फाइव्हमध्ये बहुतेक चार कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे चार भाग, असतात. हिशेब लिहायला, पत्रव्यवहाराला, ब्राउझरला ते आजही पुरतात. जुनं मशीन म्हणजे दुबळा प्रोसेसर, हे तिन्ही सल्ल्यांमागचं गृहीतक आहे आणि माझ्या मते तुमच्या बाबतीत ते चुकीचं निघेल. उलट सीपीयूच सतत १०० वर आणि डिस्क शांत, असं दिसलं तर मात्र पुढचा हिशेब बदलतो. तेव्हा आधी पंख्यावरची धूळ बघा, कारण प्रोसेसर तापला की तो स्वतःच वेग कमी करतो. पातं बोटाने धरून ठेवून धूळ उडवा, फिरू देऊ नका.

डिस्क का अडते, हे एकदा आकड्यांत बघा. डेस्कटॉपची हार्ड डिस्क साधारणपणे मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडं जास्त, आणि ते टोक योग्य कड्यापर्यंत सरकायला आणखी आठ-नऊ. एकूण बारा-तेरा मिलिसेकंद, एका तुकड्यासाठी. म्हणजे विखुरलेले लहान तुकडे वाचायचे झाले तर सेकंदाला जेमतेम ऐंशी. विंडोज सुरू होताना असे तुकडे हजारांनी वाचले जातात. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नसतं. तिला त्याच एका तुकड्याला मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा लागतो, बऱ्याचदा त्याहूनही कमी. डब्यावर छापलेले सेकंदाला ५०० एमबी वगैरे आकडे मोठ्या फाइल कॉपी करताना कामाला येतात; रोजचा फरक पडतो तो या वाट पाहण्यातला.

त्यात तुमची रॅम ४ जीबी. ती भरली की विंडोज जास्तीचा माल त्याच हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. आधीच दमलेल्या डिस्कवर हे दुसरं काम पडतं, एकाच विहिरीवर दोन मोटा लावल्यासारखं. म्हणून रॅमची टंचाई आणि डिस्कचा मंदपणा वेगवेगळे ओळखू येत नाहीत.

आता पैशाकडे. पण पहिला खर्च वेगासाठी नको.

त्या डिस्कवर चार-पाच जणांचे हिशेब आहेत आणि ती दहा वर्षांहून जुनी आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्राम टाकून बघा. 'रीअलोकेटेड सेक्टर्स' किंवा 'पेंडिंग सेक्टर्स' या ओळींपुढे शून्याखेरीज काही असेल आणि वर पिवळा रंग दिसत असेल, तर डिस्क मरायला लागली आहे. निळा दिसला तरी बॅकअप घ्यायचाच. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर किंवा चांगल्या पेन ड्राइव्हवर, दुसरी घराबाहेर कुठेतरी. क्लाउडवर ठेवणार असाल तर फाइलला पासवर्ड लावून, कारण हिशेब तुमचे नाहीत, लोकांचे आहेत. बॅकअप घेतला एवढ्यावर समाधान मानू नका, त्यातली एखादी फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. तुमच्या पत्रात वेगाबद्दल भरपूर आहे आणि बॅकअपबद्दल अक्षर नाही. मशीन मंद असल्याने तुमचं काम उशिरा होतं. डिस्क गेली तर काम हातचं जाईल.

यानंतर एसएसडी. २.५ इंची सॅटा एसएसडी घ्या. एनव्हीएमई, म्हणजे थेट बोर्डावर बसणारी पट्टीसारखी एसएसडी, नको, या पिढीच्या बहुतेक बोर्डांना त्यावरून विंडोज सुरू करता येत नाही. ५०० जीबीची जुनी डिस्क किती भरली आहे ते बघा. शंभर-सव्वाशे जीबीच वापरात असेल तर २५० च्या आसपासची एसएसडी पुरते. मुलीच्या व्हिडिओंसाठी जागा हवी असेल तर ५०० ची. एसएसडी गच्च भरली की मंदावते, सहावा-सातवा हिस्सा मोकळा ठेवावा. कधी नाव न ऐकलेल्या कंपनीची, संशय येण्याइतकी स्वस्त एसएसडी घेऊ नका. लेबलवर लिहिलेली क्षमता आत नसते, असे प्रकार सर्रास होतात.

बोर्डावर सॅटा पोर्ट दोन रंगांचे असू शकतात. या पिढीच्या साध्या बोर्डांवर, म्हणजे एच८१ चिपसेटवाल्यांवर, चारपैकी दोन पोर्ट ६ गिगाबिटचे आणि दोन ३ गिगाबिटचे असतात. एसएसडी ६ वाल्याला लावा, पण चुकून ३ ला लागली तरी हळहळू नका, तो तुकडा शोधण्याचा फायदा तिथेही तितकाच मिळतो. केबल आणि पॉवरचा कनेक्टर शिल्लक नसेल तर डीव्हीडी ड्राइव्हचे काढून घ्या. शेवटची डीव्हीडी कधी लावली होती आठवतंय का? एसएसडी बसवायला खास ब्रॅकेटही अडून बसत नाही. हलका डबा आहे, आत काही फिरत नाही, एका स्क्रूवर किंवा दुहेरी टेपवर निमूट राहतो.

जुनी डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर क्लोन करता येते, पण मी नव्याने विंडोज टाकायला सांगेन. दहा वर्षांचा साचलेला पसारा सोबत कशाला न्यायचा? बोर्ड तोच असल्याने विंडोज १० आपोआप ॲक्टिव्हेट होतं, फक्त तुमची आवृत्ती, होम की प्रो, तीच टाका. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स नव्या इन्स्टॉलेशनवर कसं चालू करायचं, ते त्या कंपनीला आधीच विचारून ठेवा. ऐन वेळी अडतं ते इथे. आणि विंडोज टाकताना जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा. दोन्ही जोडलेल्या असल्या तर विंडोज कधीकधी स्वतःला सुरू करणारा भाग जुन्याच डिस्कवर ठेवतं, आणि पुढे ती काढली की नवी कोरी एसएसडी असूनही मशीन जागं होत नाही. बायोसमध्ये सॅटा मोड एएचसीआय ठेवा, तोही विंडोज टाकण्याआधीच.

इथे थांबा. आठ-दहा दिवस रोजचं काम करा आणि टास्क मॅनेजर पुन्हा बघा. एकदम सगळं घ्यायची घाई होते, पण एसएसडी बसल्यावर रॅमची गरज किती उरते हे मोजल्याशिवाय कळत नाही. तुमच्या बाबतीत ती उरेल असं मला वाटतं. ४ जीबीत आजचा ब्राउझर मावत नाही. तरी क्रम हाच ठेवा, कारण या दोन खर्चांत एक मोठा फरक आहे. एसएसडी उद्याच्या मशीनमध्ये जाईल. डीडीआर३ रॅम या मशीनसोबतच संपेल. डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये ती बसतही नाही, खाच वेगळ्या जागी असते. तुटपुंज्या रकमेत मी आधी पुढे नेता येईल अशा वस्तूवर खर्च करीन आणि इथेच राहणाऱ्या वस्तूवर लागेल तेवढाच.

रॅम घेण्याआधी सेटिंग्जमधल्या 'अबाउट' पानावर विंडोज ३२-बिट आहे की ६४-बिट ते बघा. ३२-बिट असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम त्याला वापरताच येत नाही. रॅम टाकूनही काही फरक नाही, अशी तक्रार करणाऱ्या अनेकांचं दुखणं इथेच असतं. नव्याने विंडोज टाकताना ६४-बिटच टाका. लायसन्स तेच चालतं. मग टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी'वर क्लिक करा. किती स्लॉट आहेत आणि किती भरलेत ते तिथे दिसतं. एक रिकामा असेल तर आहे तशीच आणखी ४ ची स्टिक घालून ८ जीबी करा. दोन्ही भरलेले असतील तर २-२ च्या काढून ४-४ च्या घालाव्या लागतील. डीडीआर३ आता बहुतेक वापरलेलीच मिळते आणि त्यात गैर काही नाही, रॅम सहसा झिजत नाही. तीन गोष्टी मात्र टाळा: लॅपटॉपची आखूड स्टिक, सर्व्हरमधून काढलेली 'रजिस्टर्ड' स्टिक, आणि 'फक्त एएमडीसाठी' असं लिहिलेली स्वस्तातली ८ जीबीची स्टिक. तिन्ही तुमच्या बोर्डावर चालणार नाहीत. बसवल्यावर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम एक रात्र चालवा. एकही चूक दाखवली तर दुसऱ्या दिवशी परत करा. खराब रॅम हिशेबाच्या फाइल गुपचूप बिघडवते.

भाच्याचा मुद्दा राहिला. गेम खेळायचे असतील, थ्रीडीचं काम असेल, किंवा दुसरा मॉनिटर लावायला जागाच नसेल, तर ग्राफिक्स कार्डाला अर्थ आहे. स्प्रेडशीट त्याने जलद उघडत नाही. शिवाय बोर्डाच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्याहून मोठं कार्ड थेट एसएमपीएसमधून वीज घेतं, आणि कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या जुन्या एसएमपीएसवर तो भार टाकणं धोक्याचं आहे. यूट्यूब अडकतं म्हणून त्याने सुचवलं असेल तर स्वस्त उपाय आहे. यूट्यूब बऱ्याचदा व्हीपी९ प्रकारात व्हिडिओ पाठवतं, आणि चौथ्या पिढीच्या अंगच्या ग्राफिक्सला तो नीट झेपत नाही, म्हणून सगळं ओझं प्रोसेसरवर येतं. एच.२६४ प्रकार मागून घेणारी छोटी एक्स्टेन्शन ब्राउझरमध्ये मिळतात. १०८०पी पर्यंतच चित्र मिळेल, पण अडखळणार नाही. भाच्याच्या उत्साहाचा उपयोग करायचा तर विंडोज टाकायला त्यालाच बसवा.

दिरांचं म्हणणं मात्र अगदीच उडवून लावू नका; त्यात एक खरी गोष्ट आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्याने नाव नोंदवलं तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, तुमचं मशीन त्यात बसत नाही. अटी चुकवून ते टाकायच्या युक्त्या आहेत, चालतातही, पण अशा मशीनना अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. छंदासाठी ठीक, लोकांच्या पैशांच्या नोंदींसाठी मी सुचवणार नाही. विंडोजऐवजी चालणारी मोफत लिनक्स मिंट या मशीनवर उत्तम चालेल, २२ या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, पण तुमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजचं असेल तर तुमचं काम तिथे अडेल. ज्यांचं सगळं काम ब्राउझरमध्ये होतं त्यांनी मात्र आधी पेन ड्राइव्हवरून मिंट चालवून बघावं. डिस्कला हात न लावता चालतं. प्रिंटर ओळखतो का तेवढं नक्की तपासा.

तेव्हा या मशीनवर तुम्ही घालाल ते पैसे दहा वर्षांचं आयुष्य विकत घेणार नाहीत. थोडा अवधी मिळेल, ज्यात रोजचं काम न कुढता होईल आणि उरलेली रक्कम पुढच्या मशीनसाठी वाढत राहील. हे मान्य असेल तर तो मूर्खपणा मुळीच नाही. मर्यादा मात्र आजच ठरवा. कार्यालयांतून काढलेली, आठव्या पिढीची किंवा पुढची, दुरुस्त करून विकली जाणारी डेस्कटॉप मशीन काय किमतीला मिळतात ते आधी बघा. सेल, एसएसडी आणि रॅम मिळून त्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल, तर रॅम घेऊ नका. एसएसडी घ्या, ती आत्ता वापरा आणि पुढे त्या मशीनमध्ये हलवा.

मुलीबद्दल तुम्ही एक गोष्ट ओघात लिहून गेलात: 'याच मशीनवर'. मला प्रश्न पडतो तो मशीनच्या ताकदीचा नाही. तुम्ही दिवसभर हिशेब लिहिणार, ती अभ्यासाला बसणार कधी? आणि ग्राहकांच्या हिशेबांच्या मशीनवर कोणी नवं शिकणारं रोज काहीबाही इन्स्टॉल करणार, हे तुम्हाला चालेल का? निदान तिचं वेगळं खातं तरी काढा, ॲडमिनचे अधिकार न देता. सुरुवातीचं कोडिंग, पायथन, सी, वेब पानं, ८ जीबीवर आरामात होतं. अँड्रॉइड ॲप बनवायची वेळ आली तर एमुलेटरसकट (मशीनवरच चालणाऱ्या नकली फोनसकट) १६ जीबी लागतात आणि तिथे हे मशीन दमेल. व्हिडिओ एडिटिंग शॉटकट किंवा केडेनलाइव्ह या प्रोग्राममध्ये प्रॉक्सी चालू करून, म्हणजे हलक्या प्रतींवर काम करून, जमेल. मोबाइलच्या कॅमेऱ्यात एच.२६५ ऐवजी एच.२६४ निवडायला सांगा, नाहीतर फाइल उघडतानाच मशीन धापा टाकेल. अंतिम व्हिडिओ तयार व्हायला वेळ लागेल, तो रात्री लावून ठेवावा. तिच्यासाठी आत्ता काही विकत घेऊ नका. कॉलेज सुरू होऊ द्या, कुठलं सॉफ्टवेअर लागतं, लॅपटॉपच लागतो का, हे कळू द्या. तुमच्या जमवलेल्या रकमेचा खरा उपयोग कदाचित तिथे व्हायचा आहे.

असंच पत्र लिहायच्या विचारात असलेल्या इतरांसाठी दोन गोष्टी. मशीनमध्ये डीडीआर२ रॅम असेल, म्हणजे इंटेलच्या त्याहून जुन्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरच्या काळातलं, तर रॅम शोधत फिरू नका. कुठली तरी पडून असलेली एसएसडी लावता आली तर लावा, नाहीतर बॅकअप घेऊन थांबा. आणि नामांकित कंपनीचं अरुंद कॅबिनेट असेल तर एसएमपीएस आणि बोर्डाचे कनेक्टर बऱ्याचदा त्या कंपनीचे खास असतात. बाहेरचा बसेलच असं धरू नका, जुना काढून हातात घेऊन जुळवा. एसएसडी मात्र त्यातही बसते.

जुनी हार्ड डिस्क विंडोज टाकल्या टाकल्या फॉरमॅट मारू नका. महिनाभर बाजूला ठेवा. 'ती एक फाइल' नेहमी तिसऱ्या आठवड्यात आठवते. मग क्रिस्टलडिस्कइन्फोत ती निर्दोष असेल तर पूर्ण पुसून मुलीच्या व्हिडिओंना द्या. पिवळी असेल तर कोणाला देऊही नका आणि तशीच भंगारातही टाकू नका, त्यावर लोकांचे हिशेब आहेत. झाकणाचे स्क्रू काढून आतल्या चकत्यांना आडवेतिडवे ओरखडे मारा किंवा ड्रिलने भोकं पाडा, डोळ्यांवर चष्मा लावून, कारण काही डिस्कच्या चकत्या काचेच्या असतात.